झाकण कधी उघडेल? अमेरिकेच्या मैदानांत वादळाच्या मागावर एक दिवस

मे महिन्यात अमेरिकेच्या मध्य मैदानांत वादळाचा दिवस पहाटे सहाच्या सुमाराला सुरू होतो. तेव्हा वादळाचा मागमूसही नसतो. ओक्लाहोमातलं नॉर्मन, कॅन्ससमधलं डॉज सिटी, टेक्ससमधलं अमरिलो अशा ठिकाणांहून हवामान खात्याचे फुगे आकाशात सुटतात. फुग्याखाली लटकणारं छोटंसं यंत्र तीस किलोमीटरच्या वर जाईपर्यंत तापमान, आर्द्रता आणि दाबाची माहिती खाली पाठवत राहतं. फुगा वाहत कुठे जातो, यावरून वाऱ्याची दिशा आणि वेगही कळतो. वादळांचा माग काढणारी माणसं, म्हणजे ज्यांना तिकडे स्टॉर्म चेसर म्हणतात ती, सकाळी उठल्या उठल्या हाच आलेख उघडतात. आज पाचशे-सातशे किलोमीटर गाडी हाकायची की नाही, याचं निम्मं उत्तर त्यात असतं.

आलेखाच्या तळाशी एक दमट थर दिसतो, साधारण एक-दीड किलोमीटर जाडीचा. ही हवा मेक्सिकोच्या आखातावरून आलेली असते. दोन-तीन दिवस दक्षिणेचा वारा टिकला, की ती टेक्सस ओलांडून ओक्लाहोमा आणि कॅन्ससपर्यंत पोचते. तिच्यात बाष्प किती आहे, ते दवबिंदूवरून समजतं. हवा थंड करत गेलं, तर ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं, तो दवबिंदू. मे महिन्यात दक्षिणेच्या मैदानात तो १८ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर चेसर सामान बांधतात. १० अंशांच्या आसपास असेल तर बहुतेक जण घरीच थांबतात.

या दमट थराच्या बरोबर वर मात्र काहीतरी विचित्र दिसतं. एरवी उंचीबरोबर हवा थंड होत जाते, आणि इथे ती अचानक गरम झालेली असते. हा गरम, कोरडा थर मेक्सिकोच्या उंच पठारावरून आणि नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी भागातून येतो. तिथली जमीन मुळातच उंच. उन्हाने ती तापते, तिच्यावरची हवा तापते, आणि नैर्ऋत्येचा वारा ती हवा तशीच उचलून मैदानातल्या दमट हवेवर आणून पसरवतो. चेसर या थराला कॅप म्हणतात, आपण झाकण म्हणू. खालची हवा वर उठू पाहते, पण या थरात शिरली की भोवतालच्या हवेपेक्षा थंड, म्हणजेच जड ठरते आणि पुन्हा खाली बसते.

माझ्या मते वादळाच्या दिवसाची खरी गोष्ट या झाकणाची आहे. टोर्नेडोचे, म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या वावटळीचे, फोटो पाहून वादळ म्हणजे नुसती ताकद असं वाटतं. पण ताकद साठायची तर तिला आधी कुणीतरी अडवून धरावं लागतं. झाकण नसलेल्या दिवशी हवा सकाळी दहा-अकरापासूनच जागोजागी वर उठते, ढोबळ पावसाळी ढग तयार होतात, सगळे एकमेकांच्या वाटणीची दमट हवा ओढतात, आणि दुपारपर्यंत साऱ्या भागावर बेताचा पाऊस पडून खेळ संपतो. झाकण असेल तर दमट हवा दिवसभर खाली कोंडलेली राहते. ऊन तिला तापवत राहतं, दक्षिणेचा वारा आणखी बाष्प आणून ओतत राहतो. झाकण संध्याकाळी चार-पाचला, तेही एखाद-दोन ठिकाणीच उघडलं, तर साठलेलं सगळं त्या मोजक्या जागांतून वर जातं. आणि झाकण फारच पक्कं असेल, तर ते उघडतच नाही.

किती साठलंय, याचाही आकडा असतो. एक किलो हवा झाकणाच्या पार गेली तर वर चढताना तिला किती ऊर्जा मिळेल, ते आलेखावरून काढता येतं. चेसर याला केप म्हणतात. चांगल्या दिवशी हा आकडा किलोमागे ३००० जूल किंवा त्याहून अधिक असतो. कागदावरचं गणित सांगतं की एवढ्या ऊर्जेने हवा सेकंदाला ७७ मीटर, म्हणजे तासाला २८० किलोमीटर वेगाने वर जाईल. प्रत्यक्षात भोवतालची कोरडी हवा तिच्यात मिसळते, पावसाचं आणि गारांचं ओझं तिला मागे खेचतं, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. तरीही ताशी १४० किलोमीटरचा झोत, आणि तो सरळ आकाशाच्या दिशेने! क्रिकेटच्या चेंडूएवढी गार हवेत तरंगत ठेवायची तर असाच झोत लागतो.

हे सगळं एकत्र यायला भूगोल फार जमून यावा लागतो. दक्षिणेला उबदार आखात, पश्चिमेला रॉकी पर्वत, नैर्ऋत्येला तापलेलं पठार, आणि मध्ये शेकडो किलोमीटर मोकळी जमीन, जिथे आखातावरून आलेल्या हवेला अडवणारा एकही डोंगर नाही. वर आठ-दहा किलोमीटरांवर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. वसंतात हे वारे अजून पुरेसे दक्षिणेला असतात आणि आखाताची हवाही पुरेशी दमट झालेली असते. म्हणून दक्षिणेच्या मैदानांत हंगामाचा भर मे महिन्यात असतो, आणि जूनमध्ये तो नेब्रास्का, डकोटांकडे सरकतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी १२०० च्या आसपास टोर्नेडो नोंदले जातात. इतके दुसऱ्या कुठल्याही देशात होत नाहीत.

सकाळी आठला नॉर्मनमधलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर दिवसाच्या अंदाजाची ताजी आवृत्ती काढतं. देशाच्या नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या रंगवलेल्या असतात. मार्जिनलपासून हायपर्यंत. नवखा माणूस सगळ्यात गडद रंगाच्या मधोमध जाऊन उभा राहायचं ठरवतो. जुने चेसर तसं करत नाहीत. नकाशावरचा तो पट्टा कधी कधी एखाद्या लहान देशाएवढा असतो, आणि वादळ त्यातल्या एका कोपऱ्यात होतं. शिवाय धोका मोठा असणं वेगळं आणि वादळ स्वच्छ दिसणं वेगळं. हाय पातळीच्या दिवशी वादळं ताशी ८०-९० किलोमीटरने पळतात, पावसात गुरफटलेली असतात, आणि गाडीने त्यांना गाठणं अशक्य होऊन बसतं. अनेक सुंदर वादळं मधल्या पायऱ्यांच्या दिवशी, मोकळ्या माळावर, एकएकटी उभी राहिलेली असतात.

मग टार्गेट ठरतं. टार्गेट म्हणजे बहुतेकदा एखादं छोटं गाव. ओक्लाहोमातलं वुडवर्ड किंवा एल्क सिटी, कॅन्ससमधलं प्रॅट, टेक्ससमधलं चिल्ड्रेस. गाव निवडताना दोन गोष्टी बघतात. एक, झाकण कुठे उघडेल? दुसरी, तिथून चारी दिशांना चांगले रस्ते आहेत का? दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याइतकंच वजन द्यायला हवं, आणि ते का, हे पुढे येईलच.

झाकण कुठे उघडेल याचं उत्तर बऱ्याचदा ड्रायलाइन नावाच्या रेषेवर असतं. पूर्वेला आखाताची दमट हवा, पश्चिमेला वाळवंटाची कोरडी हवा, आणि दोघींच्या मधली सीमा म्हणजे ही रेषा. ती ओलांडताना दहा-वीस किलोमीटरांतच दवबिंदू १८ वरून शून्याच्या जवळ उतरू शकतो. पूर्वेकडून पश्चिमेला गाडीने गेलं तर हा बदल अंगाला जाणवतो. चिकट, धूसर हवा मागे पडते, आकाश एकदम गडद निळं होतं, आणि ओठ कोरडे पडायला लागतात.

ही रेषा दुपारी पूर्वेकडे सरकते, आणि ती का सरकते हे समजून घेण्यासारखं आहे. मैदान सपाट दिसलं तरी पश्चिमेकडे ते हळूहळू चढत जातं. त्यामुळे दमट थराची पश्चिमेकडची कड पातळ असते. ऊन वाढलं की जमिनीलगतची हवा घुसळली जाते, आणि जिथे थर पातळ तिथे दमट हवा वरच्या कोरड्या हवेत मिसळून संपून जाते. म्हणजे रेषा चालत पुढे येते असं दिसलं तरी खरं तर दमट थर कडेकडून उडत गेलेला असतो. संध्याकाळी घुसळण थांबली की रेषा पुन्हा पश्चिमेला परतते. दुपारी तीन-चारच्या सुमाराला मात्र तिच्या दोन्ही बाजूंचे वारे एकमेकांवर येऊन भिडतात, हवेला वर जाण्यावाचून वाट उरत नाही, आणि झाकणाला खालून पहिला खरा धक्का बसतो.

त्याआधी दोन-तीन तास बसून राहायचं असतं. एखाद्या पेट्रोल पंपावर गाडी उभी करायची, टाकी भरून घ्यायची, आणि मोबाइलवर उपग्रहाचं चित्र दर पाच मिनिटांनी बघत बसायचं. वादळाच्या दिवशी हवामान खातं उपग्रहाला त्या भागाचं चित्र दर मिनिटालाही टिपायला लावतं. चित्रात रेषेवर कापसासारख्या ठिपक्यांची रांग दिसू लागते. प्रत्यक्ष आकाशात पश्चिमेला ढग उंच होत जातात, बारीक होतात आणि विरून जातात. झाकणापाशी गळपटलेल्या अशा किडकिडीत ढगांना चेसर टर्की टॉवर म्हणतात. एक, दोन, पाच असे ढग येऊन जातात. प्रत्येक ढग मरताना थोडं बाष्प वर सोडून जातो, त्यामुळे पुढच्याला चढणं जरा सोपं होतं. मग त्यातला एखादा ढग टिकतो. त्याच्या कडा विरघळत नाहीत. त्या दगडात कोरल्यासारख्या ठसठशीत होतात, आणि बघता बघता तो शेजाऱ्यांच्या दुप्पट उंच होतो. अर्ध्या तासाच्या आत त्याचा माथा बारा ते पंधरा किलोमीटरांवर जाऊन भिडतो. तिथे वरची हवा पुन्हा गरम व्हायला लागते, म्हणून ढगाला वर जाता येत नाही आणि तो आडवा पसरतो. ऐरणीचा आकार येतो तो असा.

आणि कित्येक दिवशी यातलं काहीच होत नाही. संध्याकाळचे आठ वाजतात, आकाश निळंच राहतं, झाकण जिंकतं. अशा दिवसाला ब्लू स्काय बस्ट म्हणतात. बाहेरच्या माणसाला हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. मला तसं वाटत नाही. झाकण का उघडलं नाही, दमट थर अपेक्षेपेक्षा पातळ होता का, रेषेवरचे वारे समांतर वाहत होते का, हे शोधताना जे कळतं ते यशस्वी दिवशी कळत नाही. या नादात टिकून राहिलेले बहुतेक जण अशा रिकाम्या दिवसांतच शिकले आहेत.

समजा, आज झाकण उघडलं. आता पुढचा प्रश्न असा, की हे वादळ वीस-तीस मिनिटांत पाऊस पाडून संपेल की तासन्‌तास जगेल? साध्या गडगडाटी वादळाचा अंत त्याच्या स्वतःच्या पावसाने होतो. वर चढणाऱ्या झोतातूनच पाऊस खाली पडतो, पावसासोबत थंड हवा कोसळते, आणि झोताचा दम कोंडला जातो. यातून सुटका होते ती उंचीनुसार वारा बदलत असेल तर. जमिनीवर आग्नेयेचा मंद वारा, एक-दीड किलोमीटरवर दक्षिणेचा जोराचा, पाच-सहा किलोमीटरवर नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा आणखी जोराचा. या फरकाला विंड शिअर म्हणतात. वरचा वारा पाऊस आणि गारा उडवून बाजूला नेतो, त्यामुळे चढणारा झोत मोकळा राहतो.

शिअर आणखी एक काम करतो. दोन तळव्यांमध्ये पेन्सिल आडवी धरा आणि वरचा तळवा खालच्यापेक्षा वेगाने पुढे सरकवा. पेन्सिल स्वतःभोवती फिरत लोळू लागेल. खालचा वारा मंद आणि वरचा वेगवान असला, की त्यांच्या मधल्या हवेलाही अशीच आडवी फिरकी मिळते. ती डोळ्यांना दिसत नाही. पण वादळाचा झोत ही फिरती हवा आत ओढून उभी करतो, आणि मग सगळा झोतच स्वतःभोवती फिरायला लागतो. काही किलोमीटर रुंदीच्या या फिरत्या खांबाला मेसोसायक्लोन म्हणतात, आणि ज्या वादळात तो असतो ते सुपरसेल. हे नाव ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ कीथ ब्राउनिंग यांनी १९६० च्या दशकात रूढ केलं.

सुपरसेल ओळखायची एक खूण चेसरला नेहमी लक्षात ठेवावी लागते, कारण तिच्यावर जीव अवलंबून असतो. बाकीचे ढग ईशान्येकडे जात असतात, आणि सुपरसेल मध्येच वेग कमी करून उजवीकडे, म्हणजे पूर्वेला किंवा आग्नेयेला वळतं. चेसरची नेहमीची जागा वादळाच्या आग्नेयेलाच असते, कारण तिथून सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे वादळ सर्वांत जोमात येतं तेव्हाच ते तुमच्या अंगावर वळतं. हे ज्याला आधीपासून माहीत असतं तो वळण दिसताच दक्षिणेच्या रस्त्याला लागतो.

त्या आग्नेयेच्या जागेवरून काय दिसतं? उजव्या हाताला, उत्तरेकडे, पाऊस आणि गारांची करडी-निळी भिंत. समोर, वादळाच्या नैर्ऋत्य टोकाला, ढगाचा सपाट काळा तळ, आणि त्याच्याखाली पाऊस नाही. इथूनच हवा वर जाते आहे. पाठीवर आग्नेयेचा उबदार, दमट वारा जोराने आदळत असतो, आणि शेतातला कोवळा गहू वादळाच्या दिशेने झुकलेला असतो. वादळ श्वास आत घेतंय हे अंगावर कळतं. काही वेळाने त्या सपाट तळाचा एक भाग खाली उतरतो. पावसाने गार झालेली, बाष्पाने भरलेली हवा झोतात ओढली गेली, की तिच्यातलं बाष्प कमी उंचीवरच ढग बनतं, म्हणून हा उतार दिसतो. हा वॉल क्लाउड. तो संथपणे फिरताना दिसला की सगळ्यांच्या गप्पा थांबतात. मग त्याच्या मागच्या बाजूने एक उजळ फट पडते आणि ती कोयत्यासारखी वळत पुढे येते. वादळाच्या पाठीमागून कोसळणारी हवा तिथल्या ढगाला पुसत येते, म्हणून ती उजळ दिसते. टोर्नेडो व्हायचाच असेल तर तो बहुतेकदा या फटीच्या टोकाशी होतो.

“व्हायचाच असेल तर” असं म्हणावं लागतं, कारण बहुतेक सुपरसेलमधून टोर्नेडो होतच नाही. दोन शेजारी वादळं, दोन्ही फिरणारी, दोन्हींना वॉल क्लाउड. एक टोर्नेडो सोडतं, दुसरं सोडत नाही. हे कोडं पुरतं सुटलेलं नाही. १९९४ आणि १९९५ मध्ये व्हॉर्टेक्स या मोठ्या मोहिमेत शास्त्रज्ञांनी वादळांच्या भोवती गाड्यांवर बसवलेली उपकरणं फिरवली. त्यातून आणि पुढच्या निरीक्षणांतून एक महत्त्वाचा धागा हाती लागला. वादळाच्या मागून कोसळणारी हवा फार थंड असेल तर ती जड असते, जमिनीवर पसरून बसते आणि फिरकी मरते. ती तितकीशी थंड नसेल तर झोत तिला पुन्हा उचलू शकतो, ताणू शकतो, आणि ताणली जाताना फिरकी अरुंद होऊन तिचा वेग वाढतो. म्हणजे शेवटचा निकाल कधी कधी काही अंशांच्या फरकावर लागतो, आणि तो फरक लांबून दिसत नाही.

म्हणूनच शास्त्राला वादळामागे गाडी घेऊन जावं लागलं. डेव्हिड होडली यांनी १९५६ मध्ये नॉर्थ डकोटात एकट्याने, निव्वळ हौसेने वादळांचा पाठलाग सुरू केला, आणि या छंदाचे ते आद्य प्रवर्तक मानले जातात. १९७२ मध्ये नॅशनल सिव्हिअर स्टॉर्म्स लॅबोरेटरी आणि ओक्लाहोमा विद्यापीठ यांनी मिळून रीतसर पथकं पाठवायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, २४ मे १९७३ ला, ओक्लाहोमातल्या युनियन सिटीचा टोर्नेडो जन्मापासून अंतापर्यंत या पथकाने चित्रित केला, आणि त्याच वेळी नॉर्मनचा, वाऱ्याचा वेगही मोजू शकणारा डॉप्लर रडारही त्याच्यावर रोखलेला होता. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या तेव्हा रडारच्या आकड्यांत टोर्नेडोची स्वतःची खूण सापडली. आज अमेरिकाभर उभ्या असलेल्या डॉप्लर रडारच्या जाळ्यामागे त्या दिवसाचा मोठा हात आहे.

एवढं जाळं असूनही माणसाच्या डोळ्यांची गरज संपलेली नाही. रडारची किरणं सरळ जातात आणि पृथ्वी खाली वळत जाते. रडारपासून शंभर किलोमीटरवर सगळ्यात खालची किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंच असते. तिच्याखाली काय चाललंय ते तिला दिसत नाही. ते रस्त्यावर उभा असलेला माणूस सांगतो. हवामान खात्याचा स्कायवॉर्न नावाचा उपक्रम आहे, त्यात शेतकरी, पोलीस, अग्निशमन दलाचे लोक असे असंख्य स्वयंसेवक वादळ ओळखायला शिकतात आणि कळवतात. टोर्नेडो वॉच म्हणजे परिस्थिती अनुकूल आहे, सावध राहा. टोर्नेडो वॉर्निंग म्हणजे रडारवर फिरकी दिसली किंवा कुणी तो प्रत्यक्ष पाहिला, आता आसरा घ्या. या दुसऱ्या इशाऱ्यानंतर लोकांच्या हाती बऱ्याचदा दहा-बारा मिनिटंच असतात. नीट पाहून, नीट शब्दांत दिलेली एक खबर त्यातली दोन मिनिटं वाढवत असेल, तर माझ्या लेखी चेसिंगचं सगळ्यात मोठं समर्थन तेच आहे.

रडारबद्दल आणखी एक गोष्ट. मोबाइलवरचं चित्र ताजं वाटतं, पण ते काही मिनिटं जुनं असतं. ताशी ६० किलोमीटरने सरकणारं वादळ पाच मिनिटांत पाच किलोमीटर पुढे गेलेलं असतं. पडद्यावर तुम्ही सुरक्षित आणि खिडकीबाहेर नाही, असं सहज होतं. पावसाच्या भिंतीतून आरपार जाण्याला कोअर पंच म्हणतात. दिसत नसताना केवळ पडद्याच्या भरवशावर तो करू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

भिंतीच्या आत गारा असतात. सुरुवातीला त्या मोजक्या पडतात, पण मोठ्या. दूर रस्त्यावर एखादी पडून गुडघाभर उसळते, मग बोनेटवर धाडकन आवाज येतो, मग दोन सेकंद शांतता, मग आणखी एक. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या गारेपासून वादळ अधिकृतपणे तीव्र धरलं जातं. साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० ला पडलेली गार वीस सेंटिमीटर व्यासाची होती, वजन ८८० ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतला तो विक्रम आहे. गारांत अडकलंच तर चेसर गाडीचं तोंड गारा येतात त्या बाजूला करतात. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण जागेवर राहते. बाजूच्या आणि मागच्या काचेचा मात्र क्षणात चुरा होतो.

आता रस्त्यांविषयी. ओक्लाहोमा आणि कॅन्ससच्या ग्रामीण भागात रस्ते एकेक मैलाच्या चौकटीत आखलेले आहेत, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम. वादळ मात्र तिरकं जातं. त्यामुळे चेसरला सतत दोन मैल पूर्वेला, एक मैल उत्तरेला असं पायऱ्या चढत जावं लागतं. त्यातले बरेच रस्ते कच्चे. ओक्लाहोमाची लाल चिकणमाती भिजली की चाकं जागच्या जागी फिरतात. नद्यांवर पूल मोजके आहेत. वाट चुकली तर पुढचा पूल वीस-पंचवीस किलोमीटरवर असू शकतो. म्हणून टार्गेट ठरवताना सकाळीच रस्ते बघायचे. आणि कुठेही थांबताना गाडीचं तोंड निघायच्या दिशेला ठेवायचं.

३१ मे २०१३ ला ओक्लाहोमातल्या एल रिनोजवळ या सगळ्याची कठोर परीक्षा झाली. पावसात दडलेला टोर्नेडो अचानक रुंद झाला, ४.२ किलोमीटर, आजवर नोंदलेला सर्वांत रुंद. त्याने दिशा बदलली आणि वेगही वाढवला. टोर्नेडोचे अभ्यासक टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे त्यात मरण पावले. समारस हौसे-गवसे नव्हते. २४ जून २००३ ला साउथ डकोटातल्या मँचेस्टर इथे त्यांनी टोर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या उपकरणाने १०० मिलिबारची दाबघट मोजली होती. तशी नोंद आधी कुणी केली नव्हती. सावध म्हणून ते ओळखले जात. त्या दिवशी रस्त्यांवर चेसरच्या आणि पळून जाणाऱ्या लोकांच्या गाड्यांची गर्दीही होती.

मला याबाबत ठाम बोलावंसं वाटतं. जवळून चित्रण मिळावं म्हणून फिरत्या ढगाखाली, पावसाने वेढलेल्या जागेत शिरणं, ज्याला चेसर बेअर्स केज म्हणतात, हे शास्त्रही नाही आणि समाजसेवाही नाही. तीन-चार किलोमीटरवरून वादळाची रचना जास्त चांगली दिसते, आणि समजतेही. पुलाखाली गाडी उभी करून आसरा घेणं तर सरळ घातक. तिथे वारा अरुंद जागेतून जास्त जोराने घुसतो आणि उडून येणारे ढिगारे सोबत आणतो. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोत अशा पुलांखाली माणसं मेली. आणि टोर्नेडोपेक्षाही साधा रस्ता जास्त वेळा घात करतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये कॅन्ससमधलं वादळ बघून परतताना ओक्लाहोमा विद्यापीठाचे हवामानशास्त्राचे तीन विद्यार्थी ओल्या महामार्गावरच्या अपघातात गेले. बारा-चौदा तासांनंतरची थकलेली रात्र आणि पाण्याने भरलेला रस्ता, हा दिवसाचा एक मोठा धोका असतो.

पश्चिम ओक्लाहोमात मे महिन्यात सूर्य साडेआठच्या सुमाराला मावळतो. जमीन गार होते, खालून धक्का देणारं ऊन जातं, आणि झाकण पुन्हा घट्ट होऊ लागतं. त्याच वेळी जमिनीपासून काहीशे मीटरवर दक्षिणेचा वारा जोर धरतो, कारण दिवसभर त्याला घुसळणीने धरून ठेवलेलं असतं. या वाऱ्याच्या बाष्पावर उरलेली वादळं एकमेकांत मिसळतात आणि शेकडो किलोमीटर लांबीचा एकच समूह होऊन रात्रभर पूर्वेकडे चालत राहतात. मैदानातल्या गव्हा-मक्याला उन्हाळ्यात मिळणाऱ्या पावसाचा मोठा हिस्सा याच रात्रीच्या वादळांतून येतो. बहुतेक चेसर मात्र अंधार पडताच मागे फिरतात. रात्री टोर्नेडो फक्त विजेच्या लखलखाटात क्षणभर दिसतो. ४ मे २००७ च्या रात्री कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गवर आलेला टोर्नेडो असाच होता, त्यात जवळजवळ सगळं गाव उद्ध्वस्त झालं.

वाटेत कोसळलेलं घर दिसलं, तर पाठलाग तिथेच थांबतो. गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची, आणि हाक मारून आत कुणी आहे का ते बघायचं. यावर जुन्या चेसरांत वाद नाही.

दुसऱ्या दिवशी हवामान खात्याचे लोक उजेडात पाहणी करतात. टोर्नेडोची पायरी, ईएफ ० ते ईएफ ५, वारा मोजून ठरत नाही, पडझड पाहून ठरते. तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे एन्हान्स्ड फुजिता किंवा ईएफ, वापरतात. घराला पायाशी जोडणारे बोल्ट होते का, झाडाची साल सोलली गेली का, अशा खुणांवरून वाऱ्याचा अंदाज बांधतात. एल रिनोचा टोर्नेडो बराचसा उघड्या शेतांवरून गेला. गाड्यांवर बसवलेल्या फिरत्या रडारांनी त्यात ईएफ ५ च्या कितीतरी वरचा वारा मोजला, पण मोडायला पुरेशी घरंच नव्हती, म्हणून नोंदीत तो ईएफ ३ राहिला.

चेसर तोवर पुढच्या दिवसाच्या नकाशावर असतात. कोरडी हवा रात्रीतून किती मागे हटेल, रात्रीच्या वादळांनी गार केलेली हवा दुपारपर्यंत तापेल का, दमट थर सकाळी कुठवर असेल. उद्याचं टार्गेट कॅन्ससच्या मध्यावर सरकत असेल, तर मुक्काम वुडवर्डला करून भागत नाही. अंग दुखत असलं तरी पाऊस थांबल्यावर आणखी तासभर उत्तरेला जाऊन मगच खोली घ्यावी लागते.